साफ केलेलं फुलपाखरू

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. कुणाला गांडूळ आलं, कुणाला नाल्यातले डास. माझ्या चिठ्ठीवर ‘कॉलेजच्या आवारातील फुलपाखरे’ असं होतं. शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, “मजा हाय बापा तुयी. आमी नाल्यात उतरू आन् तू बगीच्यात फिर.” मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आमचे सर फुलपाखरं मारू देत नसत. पूर्वी जाळीनं पकडून टाचणीवर लावत, ते त्यांनी बंद केलं होतं. त्याऐवजी विभागात एक डिजिटल कॅमेरा होता. तो लोखंडी कपाटात असायचा आणि रजिस्टरवर सही करून मिळायचा. मी तोवर कॅमेरा हातात धरला नव्हता. आमच्या घरात फोटो म्हणजे ताईच्या लग्नाचा अल्बम आणि रेशनकार्डावरचा आईचा फोटो. बाबा दर्यापूरला काळीपिवळी जीप चालवतात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे जे नवीन हातात येई ते आधी मोडेल अशी भीती वाटायची. पहिले दोन दिवस तर मी कॅमेऱ्याची दोरी मनगटाला इतकी गुंडाळली की हाताला वळ उठला.

हळूहळू जमायला लागलं. आपली सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही, श्वास रोखायचा, गुडघ्यावर सरकायचं. एकदांडीच्या फुलांवर छोटी निळी येत, घाणेरीवर मोठी. रुईच्या झाडांभोवती केशरी रंगाची संथ फुलपाखरं फिरत, ज्यांना पुस्तकात प्लेन टायगर म्हणतात. ती इतकी आळशी की अगदी जवळ गेलं तरी उठत नाहीत. त्यांचे मी पाच फोटो काढले. पंधरा दिवसांत कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं.

विभागातल्या कॉम्प्युटरवर ते फोटो पहिल्यांदा मोठे झालेले पाहिले तेव्हा मला धक्काच बसला. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ही फुलपाखरं सुंदर होती. पडद्यावर त्यांचे पंख फाटलेले होते. एकाचा पाय नव्हता. एकाच्या पंखाचा कोपरा पक्ष्यानं चावल्यासारखा तुटला होता. अंगावर केस, धूळ, कुठे कुठे रंग उडालेला. मागची पानंसुद्धा किडलेली. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं केलं. पुस्तकातल्या फोटोंतली फुलपाखरं अशी नव्हती. असे फोटो सरांना दाखवले तर सर म्हणतील, हिला काही जमलं नाही.

तेव्हा मला दादा आठवला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अकोल्याला जठारपेठेत एका फोटो स्टुडिओत तो कॉम्प्युटरवर काम करतो. ताईच्या लग्नाचा अल्बम त्यानंच केला होता. ताईच्या हनुवटीवर एक मस आहे. अल्बममध्ये तो कुठेच नाही, आणि रंगही दोन-तीन छटा उजळ आहे. बघून आई खूश झाली होती. ताई काही बोलली नव्हती.

शनिवारी मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडून अकोल्याला गेले. स्टुडिओच्या मागच्या खोलीत एसी नव्हता, पण कॉम्प्युटरसाठी एक वेगळा पंखा होता. दादा कॉम्प्युटरसमोर बसून एका माणसाचा फोटो दुरुस्त करत होता. लग्नाच्या वरातीतला फोटो होता, दहा-बारा जण नाचत होते. त्यातल्या एकाला त्यानं कडेनं कापून बाहेर काढलं, त्याच्या अंगावरचा घामानं भिजलेला शर्ट काढून पांढरा शर्ट घातला, मागे निळं आकाश लावलं. मग चेहरा मोठा केला आणि डोळे दुसऱ्याच कुणाच्या फोटोतून आणून बसवले, कारण नाचताना त्या माणसाचे डोळे मिटलेले होते.

“कोणाचं लग्न हाय दादा?” मी विचारलं.

“लग्न नाही वं. गेला हा. परवा.” त्यानं पडद्यावरून नजर हटवली नाही. “घरी याचा एकही सिंगल फोटो नाही. हार घालाले पाहिजे न.”

मी पडद्यावर पुन्हा पाहिलं. त्या माणसाचं वय बाबांपेक्षा कमी होतं.

“घरचे म्हणतात थोडा हसरा करजो,” दादा म्हणाला. त्यानं ओठांचे कोपरे अगदी थोडे वर ओढले. तो माणूस हसला. “पयले सीझनमंदी निसते लग्नाचे अल्बम असत. आता वर्षभर हेच येते, खेड्यापाड्यावरून. असेच, तिशी-पस्तिशीचे. मी इचारत नाही कशानं गेला म्हणून. इचारलं का बाई रडते, मंग काम होत नाही.”

त्या वर्षांत आमच्या भागातले शेतकरी कशानं जात होते ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. पण पेपरात वाचणं वेगळं आणि अशा माणसाला समोर हसताना पाहणं वेगळं. मी माझ्या फुलपाखरांचं कसं सांगावं हेच मला कळेना.

शेवटी सांगितलं. कार्ड दिलं. दादानं सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले, कार्ड रिकामं करून परत दिलं.

“काय करू याचं?”

“थोडे साफ करून दे न. फाटलेलं वगैरे दिसते. सरांना दाखवायचे आहेत.”

“नवरीसारखे करून देतो पाह्य,” तो हसला. “तुया गालावरचे पुटकुळे बी काढून देऊ का एखाद्या फोटोतून? फ्री.”

मी मावशीकडे गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं एक सीडी आणि निवडक फोटोंचे मोठे प्रिंट दिले. मला खरंच विश्वास बसेना. फाटलेले पंख भरून आले होते. तुटलेल्या कोपऱ्याच्या जागी दुसऱ्या बाजूचा कोपरा उलटा करून बसवला होता. पानांची कीड गेली होती. सगळं नवं, धुतल्यासारखं. गाडीत मी ते प्रिंट तीन वेळा काढून पाहिले. शेजारची बाई म्हणाली, “इकाले नेऊन राहिली काय वं?”

सोमवारी मी फोटो सरांच्या टेबलावर मांडले. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव लिहिलं होतं. सर एकेक पाहत गेले आणि एका केशरी फुलपाखरावर थांबले. चष्मा वर केला, फोटो खिडकीपाशी नेला.

“हे प्लेन टायगर?”

“हो सर.”

“मग याच्या मागच्या पंखावरचे काळे ठिपके कुठे आहेत?”

मला ठिपक्यांचं काही आठवेना. मी म्हणाले, “सर, मला वाटलं...”

“प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. हमखास. इथे एकही नाही.” त्यांचा आवाज बदलला होता. “कडेची नक्षी प्रिंटमध्ये धूसर आहे. पण ठिपके नाहीत म्हणजे नाहीत. अगं, ही डॅनेड एगफ्लायची मादी आहे!”

मग त्यांनी मला समजावलं. प्लेन टायगर लहानपणी रुई खातो, म्हणून कडू असतो, पक्षी त्याला खात नाहीत. या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचं रूप घेऊन हिंडते, म्हणजे तिलाही कुणी खात नाही. दोघांत फरक ओळखायचा तो याच ठिपक्यांवरून. आमच्या आवाराची यादी सर पंचवीसेक वर्षं करत होते, एका जाड वहीत. त्यात हे नाव नव्हतं. कायद्यानं संरक्षण दिलेलं फुलपाखरू, आणि ते आमच्या सायकल स्टँडच्या मागे. सरांनी तिथल्या तिथे वही काढली, नवीन नाव लिहिलं आणि पुढे माझं नाव लिहिलं. शिपायाला पाठवून त्यांनी सगळ्या वर्गासाठी पेढे आणवले.

मी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘प्लेन टायगर’ खोडरबरानं पुसलं. सर म्हणतात तर तसंच असणार. मी बरोबर लिहिलं होतं असं मला एकदाही वाटलं नाही.

पुढच्या काही दिवसांत गोष्टी माझ्या हाताबाहेर मोठ्या होत गेल्या. महिनाअखेर विभागाच्या सभेत मी यावर बोलायचं ठरलं, दुसऱ्या कॉलेजांचेही लोक येणार होते. बाबांचा फोन आला. “जीपमंदी सगळ्याइले सांगितलं म्या, माया पोरीनं नवीन पाखरू शोधलं म्हणून. एक जण म्हणे, त्याले इकता येते काय? म्या म्हनलं, उतर खाली.” बाबा इतकं हसले की मलाही हसू आलं.

आणि सरांनी आवारातली घोळीची भाजी तोडणं बंद करायला लावलं. एगफ्लायच्या अळ्या घोळीवर वाढतात. आमच्या आवारात पाण्याच्या टाकीपासून सायकल स्टँडपर्यंत घोळ माजलेली असते. वस्तीतल्या काही बायका रोज सकाळी येऊन ती तोडून नेत, घरी भाजीला. सरांनी प्राचार्यांना सांगून वॉचमनला सूचना दिली. कोपऱ्यावर पाटीही लागली. रोज सकाळी सर डोक्यावर टोपी घालून, दोन-तीन ज्युनिअर मुलांना घेऊन घोळीत वाकलेले दिसत. अळी शोधायचे, मादी शोधायचे. दहा-बारा दिवसांत एकही दिसली नव्हती. “येईल,” ते म्हणायचे. “एकदा आली म्हणजे पुन्हा येईल.”

सभेसाठी फोटो मोठा करून लावायचा होता. ज्या पंखावर ठिपके नाहीत तो भाग पूर्ण पडदाभर दिसावा असं सर म्हणाले. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये सीडी टाकली आणि तो पंख वाढवत गेले. दुप्पट, चौपट. केशरी रंगाचे कण दिसायला लागले, कौलांसारखे एकावर एक. त्यात एक पिवळा परागकण चिकटलेला होता, त्याला एक बारीकसा पांढरा धागा. बघून छान वाटलं. मग थोडं उजवीकडे सरकवलं तर तिथेही एक परागकण, त्यालाही धागा, तसाच वाकडा. खाली सरकवलं. पुन्हा तोच कण, तोच धागा.

मला कळायला वेळ लागला. मी वर-खाली, वर-खाली करत राहिले. एकच परागकण, धाग्यासकट, तीन ठिकाणी कसा असेल? तिन्हींभोवती एक गोल होता, कडा किंचित पुसट. जिथे ते गोल होते तिथेच, पुस्तकातल्या चित्रात, काळे ठिपके होते.

मी माऊस सोडून दिला. शेजारी बसलेल्या मुलानं विचारलंही, “काय झालं?” मी काही नाही म्हणाले आणि सीडी काढून बाहेर आले. रस्त्यापलीकडच्या बूथवरून दादाला फोन लावला.

“दादा, त्या केशरी पाखराच्या पंखावर काळे ठिपके होते का?”

“डाग? होते न. काढले.”

“कावून काढले?”

“अवं तूच म्हनली न साफ कर म्हणून!”

“पण ते डाग नव्हते दादा, ते त्याचे ठिपके होते.”

“मले काय माईत? पाचही फोटोत होते, जागा बी त्याच. म्या म्हनलं कॅमेऱ्याच्या काचेवर घाण असन. तशीच येते आमच्या इथं बी, प्रत्येक फोटोत एकाच जागी.”

“ओरिजिनल फोटो हायत न तुयापाशी?”

“त्याच्यावरच सेव्ह केले. एका फोटोच्या दोन-दोन फायली ठेवल्या तर मशीन भरून जाते. मालक बोंबलते.” मग हळू आवाजात म्हणाला, “लय बिघडलं काय वं?”

मी फोन ठेवला. कार्ड रिकामं होतं. विभागातल्या कॉम्प्युटरवर मी ते नुसते कार्ड लावून पाहिले होते, उतरवून ठेवले नव्हते. मूळ फोटो कुठेच उरले नव्हते. जगात त्या फुलपाखराची जी चित्रं उरली होती त्यांत ते फुलपाखरू नव्हतं. आणि मला त्या वरातीतल्या माणसाचा चेहरा आठवला, दुसऱ्याचे डोळे लावलेला. त्याची पोरं पुढे हाच फोटो बघत मोठी होतील.

दोन दिवस मी काही बोलले नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पुरावा कुणाकडेच नाही, दादा कुणाला सांगणार नाही, परागकण कुणी इतका मोठा करून पाहणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते. मी सभेत दाखवायला दुसरा, दूरचा फोटोही निवडून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी विभागाकडे जाताना टाकीपाशी सर दिसले. त्यांचं वय निवृत्तीला आलेलं, गुडघे दुखतात. ते ओल्या जमिनीवर पोतं टाकून अक्षरशः रांगत होते, घोळीचं एकेक पान उलटं करून बघत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “ये, ये. आज ऊन चांगलं आहे. तुझी मादी आज दिसणार बघ.”

मी तिथेच सांगितलं. उभ्या उभ्या, दप्तर खांद्यावर असताना. परागकणाचं, दादाचं, सेव्ह केल्याचं, सगळं. मी रडले नाही, पण मधेमधे शब्द सापडत नव्हते. ज्युनिअर मुलं ऐकत होती. सर पोत्यावर तसेच बसून राहिले. हातात घोळीची काडी होती.

मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, “म्हणजे ठिपके होते.”

“दादा म्हणतो होते.”

“दादा राहू दे. तू पाहिले होतेस का?”

मी आठवायचा प्रयत्न केला. रुईचं झाड आठवलं, गुडघ्याला लागलेली माती आठवली, कॅमेऱ्याच्या मागची छोटी चौकट आणि तिच्यात फोकस झाल्याचा हिरवा चौकोन आठवला. ठिपके आठवेनात.

“आठवत नाही सर.”

“पाच फोटो काढलेस. हातभर अंतरावरून.”

“हो सर.”

“आणि पंखावर काय होतं ते तुला माहीत नाही.”

मी मान हलवली. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना बसलेला धक्का मला दिसत होता, आणि तो दादानं केलेल्या कामाचा नव्हता. मग ते म्हणाले, “मीही फोटोच पाहिला. जागेवर जाऊन पाहिलं नाही, आधी वही काढली.” एका मुलानं हात दिला तेव्हा ते उठले.

विभागात जाऊन त्यांनी वही उघडली आणि ते नाव तिरप्या रेघेनं खोडलं. शेजारी कारण लिहिलं, सही केली. माझ्यापुढे वही सरकवली, “तूही कर.” मी सही केली. सभेत माझ्याऐवजी नाल्यातल्या डासांचा विषय मिळालेली मैत्रीण बोलणार असं ठरलं. बाकीचे फोटोही प्रोजेक्टमध्ये चालणार नाहीत, सगळी फुलपाखरं पुन्हा पाहायची, आधी वहीत पेन्सिलीनं काढायची आणि मगच कॅमेरा, असं सरांनी सांगितलं. वर्गात हे दुपारपर्यंत पसरलं. कुणीतरी फळ्यावर फुलपाखरू काढून त्याला पावडर-लाली लावली. बाबांना अजून सांगायचं होतं.

“आणि त्या बायकांना तू सांग,” मी निघताना सर म्हणाले. “पाटी मी काढतो. पण सांगायला तू जा.”

बंदी आल्यापासून बायका फाटकाबाहेर बसायच्या. आता त्या आवाराबाहेरच्या रस्त्याकडेला मिळेल ते खुडत होत्या. त्यातली एक मावशी मला ओळखत होती. मी फुलपाखरांमागे रांगायची तेव्हा ती हसायची, “या पोरीचं काय हरपलं वं?” मी तिला म्हणाले, “मावशी, आता आत येऊन घोळ तोडा. बंदी उठली.”

“कावून? पाखरू उडालं काय तुमचं?”

“ते पाखरू नव्हतंच मावशी. माझी चूक झाली. फोटोत चुकलं.”

तिला चेष्टा वाटली असावी. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच सांगते आहे.

“नव्हतंच?”

“नाही.”

“मंग हे पंधरा दिवस आमी भाकरीसंग काय खाल्लं, ते इचारलं काय वं तुमच्यातल्या कोणी?”

मी परागकण मोजले होते, सरांचे गुडघे पाहिले होते, दोन दिवस स्वतःच्या नावाची काळजी केली होती. हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. रोज सकाळी याच फाटकातून जाताना त्या मला दिसत होत्या, तरी.

“कापूस येचाले बोलावत नाही कोणी,” ती दुसऱ्या बाईकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही. “कापूसच नाही बोंडात, तर काय येचतीन. एक घोळ होती फुकटची, ते बी पाखराले देली.”

दुसरी बाई हसली. मावशी नाही हसली. तिनं पदर खोचला, टोपली उचलली आणि आत आली. मी मागून गेले, का ते मला माहीत नाही. पाटी अजून तिथेच होती, सर यायचे होते. ती टाकीपाशी वाकली आणि एक काडी नखानं दाबून पाहिली. घोळीला पिवळी फुलं येऊन बोंडं धरली होती, देठ लाल आणि जाड झाले होते. तिनं ती काडी टाकली, दुसरी दाबली, तीही टाकली.

“निबर झाली हे सारी,” ती म्हणाली, आणि शेंड्याशेंड्याकडे काही कोवळं उरलं आहे का ते बघत पुढे सरकली.